चढताना नाही, उतरताना का?

चेन्नईच्या मांबलम स्टेशनच्या पूर्वेला रंगनाथन स्ट्रीटची खरेदीची झुंबड, तर पश्चिमेला वेस्ट मांबलम. अयोध्या मंडपम, पौरोहित्य करणारी घरं, पेन्शनर मंडळी आणि लिफ्ट नसलेल्या कितीतरी जुन्या इमारती. या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या पुलाच्या पायऱ्यांवर एक गोष्ट हमखास दिसते. साठीपुढची माणसं चढताना धापा टाकतात, पण सरळ चढतात. उतरताना मात्र अंग आडवं वळवतात. कठडा दोन्ही हातांनी धरायचा, एक पाय खाली ठेवायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मग पुढची पायरी. दादरच्या पुलावर हेच दिसतं, आणि पर्वती उतरतानाही हेच.

आता चढताना सगळं शरीर वर उचलावं लागतं, उतरताना ते आपोआप खाली येतं. मग कष्टाचं काम बिनतक्रार आणि सोप्या कामाला गुडघ्याची बोंब, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना गुडघ्याच्या दुखण्याबद्दलचे आपले बरेच समज तपासून घेता येतात.

पायरी उतरताना काय घडतं

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांमध्येच दाब मोजणारी यंत्रणा घातली. ती गुडघ्यातून बिनतारी संदेश पाठवायची. अशा पाच जणांची मोजमापं २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट. सत्तर किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना दर पावलाला २४० किलोच्या आसपास भार पडतो.

वजन सत्तर किलो, मग भार एवढा कुठून आला? तो स्नायूंचा. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीला जोडलेला असतो. तो ताणला की हाडं एकमेकांवर दाबली जातात आणि वाटी मांडीच्या हाडावर रेटली जाते. उतरताना जो पाय वरच्या पायरीवर राहतो त्याचा गुडघा वाकत जातो, आणि मांडीच्या स्नायूला लांब होता होता शरीर तोलून धरावं लागतं. म्हणजे ब्रेक लावायचं काम. अशा कामाला स्नायूंना प्राणवायू कमी लागतो म्हणून दम लागत नाही, पण सांध्यावरचा दाब वाढलेलाच असतो. मांडी अशक्त असेल तर ब्रेक शेवटच्या टप्प्यात सुटतो, पाऊल धप्पकन खाली पडतं आणि हादरा बसतो. थोडक्यात, चढण्याची तक्रार छाती करते आणि उतरण्याची गुडघा.

फिजिओथेरपिस्ट सांगतात तो नियम यातूनच येतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरताना खरं काम वर राहिलेला पाय करतो, म्हणून तो चांगला हवा. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखऱ्याच बाजूला काठी धरणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की हा नियम औषधाच्या चिठ्ठीवर छापायला हवा असं वाटतं.

दोन ते चार मिलिमीटरचा थर

गुडघ्यात हाडांची टोकं एकमेकांना थेट टेकत नाहीत. त्यांच्यावर पांढरट, गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे त्याहून थोडी जास्त. शिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. आपण बोलताना ‘गादी’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा या दोन्हींची सरमिसळ झालेली असते. उपचार ठरवताना मात्र त्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

कूर्चेच्या वजनाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग पाणी असतं. उरलेल्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं घट्ट जाळं आणि त्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. सांबारात मुरलेली इडली चमच्याने हलकेच दाबा. सांबार बाहेर येतं. चमचा उचला, ते पुन्हा आत शिरतं. भार पडला की कूर्चेतून पाणी बाहेर, भार गेला की सांध्यातला द्राव आत. एवढंच, की कूर्चा इडलीपेक्षा फार चिवट आहे आणि ही ये-जा आयुष्यभर चालू राहते.

या ये-जेवर कूर्चेचं जेवण अवलंबून असतं. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. साखर आणि प्राणवायू तिला सांध्यातल्या द्रावातून मिळतो, आणि तो आत खोलवर पोचायला दाबणं-सोडणं मोठी मदत करतं. हालचाल थांबली की उपासमार सुरू. मणक्याच्या दुखापतीमुळे पाय लुळे पडलेल्या माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काही महिन्यांच्या अंतराने काढून पाहिले, तेव्हा त्यांची कूर्चा पातळ होत गेलेली दिसली. भार नाही म्हणून ती टिकली, असं झालं नाही.

म्हणून ‘गुडघा झिजतोय, जपून वापरा’ हा घराघरातला सल्ला अर्धाच खरा. हौसेने धावणारे, स्पर्धेसाठी धावणारे आणि न धावणारे अशा लोकांच्या अनेक अभ्यासांचं २०१७ मध्ये एकत्र विश्लेषण झालं. गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठं जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि व्यावसायिक स्पर्धकांत १३.३ टक्के आढळला. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘वापरलं की झिजतं’ हे गणित इतकं सरळ नाही, एवढं या आकड्यांवरून नक्की दिसतं.

तासन्‌तास उकिडवं बसणं हा मात्र वेगळा मामला. बीजिंगच्या वयस्कर लोकांच्या पाहणीत, तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण जास्त निघालं. यावरून आठवलं: आपल्याकडे रांगोळी उकिडवं बसून घालतात, तर वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांत पहाटे दारापुढे कोलम घालणाऱ्या बऱ्याच बायका गुडघे जवळजवळ ताठ ठेवून कमरेत वाकलेल्या दिसतात. गुडघ्यांची सोय होते, कमरेचं काय ते कमरेलाच विचारावं.

आणि ‘वंगण संपलं’ म्हणतात, त्याचं काय? निरोगी गुडघ्यात मुळातच जेमतेम काही मिलिलिटर द्राव असतो. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो उलट वाढतो, फक्त पातळ होतो. तेव्हा अडचण संपण्याची नसून बिघडण्याची आहे.

कूर्चा दुखत नाही, आणि भरतही नाही

कातडी कापली की रक्त येतं, रक्ताबरोबर दुरुस्तीचं सामान येतं, खपली धरते. कूर्चेत रक्तच नाही. तिच्या पेशी संख्येने थोड्या, आणि जाळ्यातल्या आपापल्या कप्प्यांत बंदिस्त. जखमेपर्यंत चालत जाणं त्यांना जमत नाही. लंडनच्या विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही.

२०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी याचा पुरावा चक्क अणुबाँबच्या मदतीने काढला. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या उघड्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. तो अन्नातून शरीरात शिरला. त्यामुळे शरीरातलं एखादं प्रथिन कोणत्या काळात तयार झालं, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजन निघालं त्या माणसाच्या वाढत्या वयातलं. पुढे आयुष्यभर त्यात जवळपास बदल नाही, संधिवात झालेल्या गुडघ्यांतही नाही. कूर्चा ‘नव्याने वाढवणारी’ पावडर कोणी विकायला आणली, तर त्याने आधी या कार्बनचा हिशेब द्यावा.

कूर्चेत मज्जातंतूही नाहीत. म्हणजे झिजणारी कूर्चा स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतीची पिशवी आणि ताणलेले स्नायू. झिजेचा चुरा अस्तराला टोचतो, अस्तर सुजतं, पाणी धरतं. त्यानंतर जे घडतं ते फारसं कोणी सांगत नाही. गुडघ्यात पाणी भरलं की सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जू मांडीच्या स्नायूचा जोर कमी करतो. निरोगी गुडघ्यात मुद्दाम सलाइन भरून केलेल्या प्रयोगांत हे दिसलं आहे. स्नायू ढिला पडला की प्रत्येक पायरीला हादरा, हादऱ्याने सूज, सुजेने स्नायू आणखी ढिला. कूर्चेला भरून आणता येत नसलं, तरी हे चक्र तोडता येतं. बहुतेक लोकांचा गुडघा ‘सुधारतो’ तो इथेच.

मेनिस्कसची कथा थोडी निराळी. त्याच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. म्हणून कडेला फाटलेला मेनिस्कस शिवला तर जुळू शकतो. आतल्या भागात ती शक्यता फार कमी.

एमआरआयमध्ये ‘टेअर’ आला, आता?

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयमध्ये पाहिले. हे लोक दवाखान्यातून निवडलेले नव्हते, गावातूनच बोलावलेले होते. त्यांतल्या सुमारे ३५ टक्के लोकांचा मेनिस्कस फाटलेला किंवा झिजून गेलेला निघाला. पण तसा मेनिस्कस असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात गुडघ्याचं काहीही दुखणं नव्हतं. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ एमआरआय खोटा असतो असा नाही. साठीच्या माणसाच्या अहवालातला ‘टेअर’ हा शब्द पांढऱ्या केसासारखा वयाचा भाग असू शकतो, आणि त्याच माणसाचं दुखणं दुसऱ्याच कारणाने असू शकतं. कबड्डीत पाय मुरगळलेल्या विशीतल्या मुलाच्या अहवालात तोच शब्द आला, तर मात्र त्याचा अर्थ आणि उपचार दोन्ही बदलतात. शब्द एक म्हणून दोघांच्या ऑपरेशनची तारीख सारखीच लावणं चूक आहे.

[चौकट: थांबू नका, डॉक्टरांना दाखवा]
गुडघा मध्येच अडकला आणि सरळ होईना.
मुरगळल्यावर किंवा पडल्यावर काही तासांत टम्म सुजला, किंवा त्या पायावर भार देता येईना.
गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला. हा सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
रात्री झोपेतून उठवणारं, सतत वाढत जाणारं दुखणं.
पोटरी एकाएकी सुजली आणि दुखू लागली, विशेषतः ऑपरेशननंतर.

पहिला उपचार: मांडी

वयाबरोबर आलेल्या झिजेत पहिला उपचार व्यायामाचा. हे ऐकून लोक हिरमुसतात. औषध, निदान एखादं इंजेक्शन तरी हवं असतं. पण वर सांगितलेलं चक्र तोडणारी गोष्ट मांडीची ताकद हीच आहे. झोपून पाय ताठ ठेवून उचलणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं. सुरुवातीला उंच खुर्ची घ्या, जमेल तशी उंची कमी करा. व्यायामाने थोडं दुखलं तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं पूर्वीइतकंच असेल तर प्रमाण योग्य, वाढलेलं असेल तर जास्त झालं. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात आणि ‘करून पाहिलं, काही उपयोग नाही’ म्हणतात.

वजनाचं गणित साधं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात एक किलो वजन उतरलं की दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असं दिसलं. पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलोंची सूट. दिवसभरातली पावलं तुम्हीच मोजा.

वेदना कमी करायला वेदनाशामक मलम आधी वापरावं. गोळ्या लागल्या तर डॉक्टरांना विचारून आणि मोजके दिवस. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा जठराचा त्रास असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं आहे.

इंजेक्शनांबाबत माझं मत थोडं कडू आहे. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुजेच्या भरात काही आठवडे आराम देतं, आणि तेवढ्यासाठी ते चांगलं. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलेल्या रुग्णांची कूर्चा नुसतं सलाइन टोचलेल्यांपेक्षा अधिक पातळ झाली आणि वेदनेत फरक पडला नाही, असं २०१७ मध्ये दिसून आलं. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीची हल्ली मोठी जाहिरात चालते. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांची अमेरिकेत दीड हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली होती. २००६ मध्ये आलेल्या निकालात एकंदरीत त्या खोट्या गोळीपेक्षा फार वेगळ्या ठरल्या नाहीत. पैसे आपले आहेत, पण ते खर्च करण्याआधी एवढं माहीत असावं.

दुर्बिणीने ‘साफ’ करून घ्यावं का?

लहान छिद्रातून दुर्बीण घालून गुडघा धुणं, खरबरीत कूर्चा घासून काढणं ही एके काळी फार चालणारी शस्त्रक्रिया. ह्यूस्टनमधल्या ब्रूस मोझली या शल्यविशारदाने तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. झिजेचा संधिवात असलेले १८० रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटले. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या गुडघ्यावर फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. आपल्याला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. निकाल २००२ मध्ये आला. २०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजून फाटलेला मेनिस्कस कापण्याबाबत असंच करून पाहिलं, निकाल तोच. झिजेच्या गुडघ्याला दुर्बिणीची नुसती साफसफाई नको, असं आज तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात. खरोखर अडकणारा गुडघा किंवा दुखापतीने कडेला फाटलेला मेनिस्कस ही वेगळी प्रकरणं, तिथे दुर्बीण मोलाची.

तरुण माणसाच्या कूर्चेत दुखापतीने एखादाच खड्डा पडला असेल आणि आजूबाजूची कूर्चा चांगली असेल, तर काही पर्याय आहेत. खड्ड्याच्या तळाशी हाडाला बारीक भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येऊन गोठतं आणि त्यातून भरणी तयार होते. ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते, पण लहान खड्ड्याला काही वर्षं पुरते. दुसरा मार्ग रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसवण्याचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशा पेशी-उपचाराला भारतात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र सबंध गुडघा झिजला असेल तर हे उपचार लागू पडत नाहीत. साठीच्या रुग्णाला ‘स्टेम सेलने नवीन गादी’ देऊ करणाऱ्याला हे जरूर ऐकवा. पाय धनुष्यासारखे वाकलेले असतील आणि फक्त आतली बाजू झिजली असेल, तर नडगीचं हाड कापून त्याचा कोन बदलतात आणि भार बाहेरच्या चांगल्या बाजूवर नेतात. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला ही शस्त्रक्रिया सांधा बदलण्यापेक्षा बरी पडू शकते.

सांधा बदलणं, आणि नंतरचे दिवस

सगळं करूनही चालणं, झोप आणि रोजची कामं अडत असतील तर सांधेबदल. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा एक मूळ नमुना १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत तयार झाला, आणि तो घडवणाऱ्यांत मूळचे भारतीय डॉ. चित्तरंजन राणावत होते. पुढे त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे बदलले, डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुढच्याच महिन्यात वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेला बसले होते. या ऑपरेशनची आपल्याकडची भीती त्या काळात थोडी कमी झाली असावी.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा प्रकार तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. मर्यादा इम्प्लांटवर आहे, रुग्णालयाच्या एकूण बिलावर नाही. म्हणून इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा.

बदललेले गुडघे टिकतात किती? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार संपूर्ण बदललेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. मात्र पाचांतला जवळपास एक रुग्ण निकालावर पूर्ण समाधानी नसतो. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं बऱ्याच जणांना पूर्वीसारखं जमत नाही. ऑपरेशनआधी हे स्पष्ट विचारलेलं बरं.

बरं व्हायला लागणारा काळ कोणती शस्त्रक्रिया झाली यावर ठरतो. मेनिस्कसचा तुकडा कापला असेल तर माणूस त्याच दिवशी चालतो आणि एक-दोन आठवड्यांत टेबलावरच्या कामाला लागतो. तोच मेनिस्कस शिवला असेल तर साधारण चार ते सहा आठवडे पट्टा आणि वाकवण्यावर मर्यादा, आणि मैदानावर परतायला चार-सहा महिने. कूर्चेचा खड्डा भरला असेल तर सहा-आठ आठवडे कुबड्या, कारण नवी भरणी कोवळी असते. पेशी बसवल्या तर खेळायला वर्षभरही लागतं. सांधा बदलल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरने उभं करतात, दीड महिन्यात बरेच जण काठीवर किंवा काठीशिवाय चालतात, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते.

या सगळ्यात पहिले सहा आठवडे निर्णायक. गुडघा पूर्ण सरळ होणं आणि मांडीचा स्नायू पुन्हा जागा होणं, ही दोन कामं तेव्हा राहिली तर नंतर फार जड जातात. म्हणून ऑपरेशनचं कोटेशन हातात आलं की त्यात फिजिओथेरपीची किती सत्रं धरली आहेत ते विचारा. धरली नसतील, तर तेवढे पैसे बाजूला काढल्यावरच तारीख ठरवा.